हाताला सापडणारी जागा

मोटारीच्या डॅशबोर्डवर बटणे असावीत की एकच मोठा टचस्क्रीन असावा, हा वाद आता जुना झाला, तरी तो अजूनही आवडीनिवडीच्या पातळीवरच घातला जातो आहे. पडद्याची बाजू घेणारे बटणांना जुनाट ठरवतात, बटणांची बाजू घेणारे पडद्याला दिखाऊ म्हणतात. एकाला मोकळा, स्वच्छ डॅशबोर्ड हवा असतो, दुसऱ्याला खटक्याचा ‘टक्’ असा आवाज आल्याशिवाय चैन पडत नाही. दोघेही आपापल्या आवडीबद्दल बोलतात, त्यामुळे चर्चा होती तिथेच राहते. माझ्या मते प्रश्न निराळा आहे. चालत्या गाडीत जी कामे नजर रस्त्यावर ठेवूनच करावी लागतात, त्यांच्या नियंत्रणांची जागा, आकार आणि अर्थ हा ब्रेकइतकाच सुरक्षिततेचा भाग आहे आणि तो कंपनीच्या सौंदर्यदृष्टीवर सोडता कामा नये. त्याचबरोबर ही नियंत्रणे ओळखता येणे हा गाडी चालवता येण्याचाच भाग मानला पाहिजे. गाडी घेतल्यावर सवडीने शिकू, असे म्हणून तो पुढे ढकलता येणार नाही. या म्हणण्याचे दोन भाग आहेत आणि दुसऱ्याकडे जवळजवळ कोणीच लक्ष देत नाही.

काही वर्षांपूर्वी एका पावसाळी रात्री मी दुसऱ्याची गाडी चालवत होतो. आत आम्ही चौघे होतो, काचा बंद होत्या, आणि काही मिनिटांतच पुढची काच आतून धुरकट होऊ लागली. काचेवर हवा सोडणारे बटण कुठेतरी असणार हे मला ठाऊक होते. वर जाणाऱ्या तीन नागमोडी बाणांची खूणही ओळखीची होती. पण समोर तशा दोन खुणा होत्या, एक पसरट पंख्यासारख्या वक्र चौकटीत आणि एक सरळ आयतात, आणि घाईत मी आयत दाबला. मागची काच तापू लागली, पुढची तशीच राहिली. शेजारी बसलेल्याने रुमालाने काच पुसली, तर तिच्यावर पाण्याचे पट्टे उमटले आणि समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांचा उजेड त्या पट्ट्यांत फुटून सगळीकडे पसरला. गाडी कडेला घेऊन शोध घेतला तेव्हा कळले की खरे कारण तिसऱ्याच बटणात होते. गाडीच्या आकृतीत आतल्या आत वळणारा बाण असलेले, आतलीच हवा फिरवत ठेवणारे ते बटण दिवसभर चालू राहिले होते, आणि चौघांच्या श्वासातल्या दमटपणाला बाहेर जायला वाटच नव्हती. एसी हवा कोरडी करतो, बाहेरची हवा आत घेतली की साठलेला दमटपणा निघून जातो, आणि वक्र चौकटीचे बटण ती हवा काचेवर सोडते, एवढी साधी गोष्ट इतकी वर्षे गाडी चालवूनही मला कोणी सांगितलेली नव्हती. त्या गाडीत बटणे होती, चांगली ठसठशीत होती, आणि तरीही मला समोरचे दिसत नव्हते. म्हणूनच ‘जुनी बटणे परत आणा’ एवढ्यावर थांबणाऱ्यांशी माझे पूर्णपणे पटत नाही.

पडद्याच्या बाजूचे भक्कम मुद्दे आधी मान्य केले पाहिजेत. पडदा आता जाणार नाही, हे पहिले. गाडी मागे घेताना मागचे दृश्य दाखवणारा कॅमेरा अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या गाड्यांना सक्तीचा झाला, आणि कॅमेरा आला की त्याचे चित्र दाखवायला काहीतरी हवेच. नकाशासुद्धा मांडीवर उलगडलेल्या कागदापेक्षा समोरच्या पडद्यावर कितीतरी बरा. दुसरे असे की, बटणांचा सुवर्णकाळ म्हणून ज्याची आठवण काढली जाते, तो तितकासा सोन्याचा नव्हता. पडदे सगळीकडे पसरण्याआधी काही महागड्या गाड्यांच्या मधल्या पट्टीवर एकाच मापाची आणि एकाच रंगाची बटणे ओळीने मांडलेली असत, आणि त्यांतले हवे ते शोधायला नजर खाली न्यावीच लागे. पडद्यावर अक्षरे मोठी करता येतात, भाषा बदलता येते, ज्याला खूण कळत नाही त्याला शब्द दाखवता येतो. छापील बटणाला यातले काहीच जमत नाही. खर्चाचाही मुद्दा आहे. प्रत्येक बटणाला साचा, तारा आणि जोडणी लागते, पडद्यावरचे चित्र मात्र फुकटात वाढवता येते. कंपन्यांना खरा मोह याचाच आहे, पण तो त्यांच्या हिशेबाचा भाग झाला, चालकाच्या सोयीचा नाही.

एवढे मान्य करूनही एक गोष्ट शिल्लक राहते. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर पुढे सरकते. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये गाडीतल्या उपकरणांसाठी जी ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत एका वेळी नजर रस्त्यावरून दोन सेकंदांपेक्षा अधिक हटू नये आणि एका कामासाठी सगळा मिळून बारा सेकंदांपेक्षा अधिक वेळ जाऊ नये, असे म्हटले आहे. काचेच्या पडद्यावर बोटाला कड लागत नाही, खाच लागत नाही, उंचवटा लागत नाही; बोट कुठे पोहोचले हे कळायला डोळाच लागतो. फिरवायच्या नॉबचे तसे नाही. हात सवयीने तिथवर जातो, बोटे त्याच्या कडेवरची चरे ओळखतात, आणि फिरवताना दर खाचेला मिळणारा बारीकसा झटका काम झाल्याचे सांगतो. या सगळ्यात डोळ्यांना काही करावे लागत नाही. मग प्रश्न असा पडतो की जे काम हात एकटा करू शकतो, ते डोळ्यांच्या वाट्याला टाकण्यात प्रगती कुठली?

‘वी बिलेगारे’ या स्वीडनमधल्या मोटारविषयक नियतकालिकाने २०२२ मध्ये एका वापरात नसलेल्या धावपट्टीवर याची चाचणी घेतली. चालकांना गाड्यांची ओळख करून घ्यायला आधी वेळ देण्यात आला, आणि मग ताशी ११० किलोमीटर वेगाने चालवताना तापमान वाढवणे, रेडिओवर ठरावीक केंद्र लावणे अशी चार कामे करायला सांगितली. २००५ सालच्या, बटणे असलेल्या व्होल्व्हो व्ही७० मध्ये ती दहा सेकंदांत झाली; तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सर्वांत मागे पडलेल्या नव्या पडदेवाल्या गाडीत ४४.९ सेकंद लागले, म्हणजे जवळजवळ १४०० मीटर. बटणांचे समर्थक हे दोन आकडे सांगून थांबतात, ते मला प्रामाणिक वाटत नाही, कारण त्याच चाचणीत पडदा असलेल्या व्होल्व्हो सी४० ने साधारण १४ सेकंदांत सगळी कामे उरकली होती. पडदा काळजीपूर्वक रचला, त्यात गर्दी केली नाही, तर तोही बराच जवळ येऊ शकतो. पण म्हणजे शिकस्त करून तयार केलेला नवा पडदा कुठे पोहोचला, तर सतरा वर्षांपूर्वीच्या एका साध्या डॅशबोर्डच्या थोडा मागे!

‘चालकाची चूक’ या शब्दांमागे रचनेची चूक किती सहज लपते, याचा धडा विमानांनी फार आधी घेतला आहे. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ जातीच्या अमेरिकी बाँबफेकी विमानांबाबत एक विचित्र प्रकार वारंवार घडत होता. विमान सुखरूप उतरायचे, धावपट्टीवर पळू लागायचे, आणि मग वैमानिक पंखांचे फ्लॅप (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) आत घेण्याऐवजी चाकेच आत ओढून घ्यायचा. विमान पोटावर बसायचे. कसलेल्या वैमानिकांकडून हे होत होते, म्हणून त्यांच्या थकव्याला आणि निष्काळजीपणाला दोष दिला गेला. अल्फोन्स चापानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये बसून पाहिले, तेव्हा त्याला दिसले की चाकांचा खटका आणि फ्लॅपचा खटका शेजारी शेजारी आहेत आणि दिसायला, हाताला अगदी सारखे आहेत. ज्या वाहतूक विमानात ही दोन नियंत्रणे वेगळ्या धाटणीची होती, त्यात ही चूक होत नव्हती. त्याने केलेला उपाय इतका साधा होता की आज तो वाचताना थक्क व्हायला होते. चाकांच्या खटक्याला रबरी चाकाचा आकार दिला आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखा. अंधारातही हाताला कळावे की आपण काय धरले आहे. आजही प्रवासी विमानांच्या अमेरिकी नियमांत चाकांच्या दांड्याची मूठ चाकासारखी आणि फ्लॅपची पंखाच्या छेदासारखी असावी, अशी अट आहे. पुढे १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी ‘वैमानिकाची चूक’ म्हणून नोंदल्या गेलेल्या ४६० प्रसंगांचा अभ्यास केला, तर त्यांतले निम्मे प्रसंग एका नियंत्रणाऐवजी दुसरे वापरल्याचे निघाले. माणूस बदलून ते टळले नसते. खटके बदलायला हवे होते.

यावर एक नेहमीचे उत्तर येते की लोकांना सवय होईल. नव्या पिढीचा हात पडद्यावरच बसलेला आहे. सवयीचा मुद्दा खरा आहे, पण सवय बसायला वस्तू जागेवर राहावी लागते. फोर्डच्या टी मॉडेलमध्ये, म्हणजे १९०८ ते १९२७ या काळात, डावे पेडल गिअरचे काम करायचे, मधले गाडी मागे न्यायचे, उजवे ब्रेक लावायचे, आणि वेग वाढवायची कांडी स्टिअरिंगखाली असायची. लाखो लोक ते शिकले. अडचण शिकण्यात नव्हती. दुसऱ्या कंपनीच्या गाडीत बसल्यावर तेच शिकलेले पाय घात करायचे. आज हाताने गिअर बदलायच्या कुठल्याही गाडीत क्लच डावीकडे, ब्रेक मध्ये आणि ॲक्सिलरेटर उजवीकडे असतो आणि त्याचा आपण विचारही करत नाही, तो १९१६ च्या कॅडिलॅकपासून हळूहळू रुळलेल्या रचनेचा परिणाम आहे. उलट उदाहरण १९५८ च्या एडसेल गाडीचे. तिच्या स्टिअरिंगच्या मधोमध, जिथे लोकांचा हात हॉर्नसाठी जायचा, तिथे गिअर बदलण्याची बटणे बसवली होती. कल्पना नवी होती, दिसायला देखणी होती, आणि एका वर्षात ती मागे घ्यावी लागली. हात जिथे हॉर्न शोधतो तिथे गिअर ठेवणाऱ्याला हाताचा स्वभाव समजला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. पडद्याबाबत तर याहून पुढची अडचण आहे: एका रात्रीत सॉफ्टवेअर बदलले की काल शिकलेली जागा आज दुसरीकडे गेलेली असते.

दुसरे उत्तर अधिक विचार करण्याजोगे आहे. गाडीने ही कामे आपणहून केली तर बटण काय आणि पडदा काय, कशाचीच गरज उरणार नाही. पाऊस आला की वायपर आपोआप चालू होतो, अंधार पडला की दिवे लागतात. बहुतेक वेळा हे छान चालते, मीही ते वापरतो. पण धुक्याचा दिवस घ्या. आपोआप लागणारे दिवे उजेड मोजतात. किती अंतरावरचे दिसते आहे हे त्यांना कळत नाही. दिवसा दाट धुक्यात उजेड भरपूर असतो, म्हणून हेडलाइट लागत नाहीत. पुढचे दिवसाचे बारीक दिवे लागलेले असतात, डॅशबोर्ड उजळलेला असतो, चालकाला वाटते सगळे चालू आहे, आणि अनेक गाड्यांत त्या वेळी मागचे दिवे बंद असतात. मागून येणाऱ्याला समोर गाडी आहे हेच दिसत नाही. अशा वेळी चालकाला हाताने दिवे लावता आले पाहिजेत, आणि लावायला हवेत हे कळलेही पाहिजे. यंत्र नेमके जिथे चुकते तिथे चालकाला घाई असते, आणि घाईत मेन्यू उलगडत बसता येत नाही. आवाजाने आज्ञा देण्याचेही तसेच आहे. गाणे बदलायला ते उत्तम, पण शेजारच्या ट्रकने काचेवर चिखल उडवल्यावर वाक्य पूर्ण करून उत्तराची वाट पाहण्याइतका वेळ कुणाकडे असतो?

समुद्रावर याची किंमत मोजली गेली आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सिंगापूरजवळ अमेरिकी नौदलाची ‘जॉन एस. मॅकेन’ ही विनाशिका एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि दहा नौसैनिक मरण पावले. सुकाणूचे नियंत्रण टचस्क्रीनवरून एका जागेवरून दुसऱ्या जागेकडे दिले जात असताना कोणते नियंत्रण कुणाच्या हाती आहे, याचा गोंधळ झाला होता. प्रशिक्षण अपुरे होते हेही चौकशीत पुढे आले. त्यानंतर नौदलाने वेग नियंत्रित करण्यासाठी पुन्हा हाताने सरकवायचे दांडे बसवण्याचा निर्णय घेतला. इथे रचना आणि शिक्षण दोन्ही एकाच वेळी फसले होते, आणि मला हे उदाहरण म्हणूनच महत्त्वाचे वाटते.

हाताने धरायची वस्तू आपोआप चांगली ठरत नाही, हेही सांगितले पाहिजे. २०१६ मध्ये फियाट क्रायसलरने सुमारे ११ लाख गाड्या परत बोलावल्या, कारण त्यांतला गिअरचा दांडा कुठल्याही गिअरमध्ये ढकलला तरी हात सोडताच मधल्या जागी परत यायचा. गाडी ‘पार्क’मध्ये आहे असे समजून लोक उतरायचे आणि गाडी घरंगळत जायची. दांडा खराखुरा होता, हाताला लागत होता, पण तो आपली स्थिती सांगत नव्हता. स्टिअरिंगवर आलेली नुसत्या स्पर्शाने चालणारी सपाट बटणेही याच जातीची; वळण घेताना तळवा घासला तरी ती काहीतरी चालू करून बसतात. तेव्हा कसोटी प्लॅस्टिकची की काचेची अशी नसून तीन गोष्टींची आहे: न पाहता सापडते का, काम झाल्याचे हाताला कळते का, आणि चुकून दाबले जाण्यापासून ते वाचते का.

या कसोटीवर न उतरणाऱ्या गाडीची जबाबदारी कुणाची? जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथल्या उच्च प्रादेशिक न्यायालयासमोर २०२० मध्ये एक प्रकरण आले. टेस्ला गाडीच्या चालकाने पावसात वायपरची गती बदलण्यासाठी पडद्यावर बोट चालवले आणि गाडी रस्ता सोडून गेली. न्यायालयाने पडद्याचा असा वापर बेकायदा ठरवून २०० युरोंचा दंड आणि महिनाभराची वाहनबंदी कायम केली. कायद्याच्या भाषेत तो निर्णय मला समजतो, कारण नजर हटवली ती चालकानेच. पण पावसात वायपरची गती वाढवणे हा त्याचा हव्यास नव्हता. ती त्या क्षणाची गरज होती, आणि ती भागवण्याचा मार्ग दुसऱ्या कुणीतरी काचेखाली ठेवला होता. गाड्यांची सुरक्षितता तपासून गुण देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपीय संस्थेने २०२६ पासून इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आणीबाणीचा कॉल यांना स्वतंत्र, हाताने चालणारी नियंत्रणे असल्याखेरीज पूर्ण गुण न देण्याचे ठरवले, ते या दृष्टीने योग्य पाऊल आहे. मात्र तो कायदा नाही, गुणांकनाची पद्धत आहे. आणि काचेवरचे धुके घालवण्याचे बटण त्या यादीत नाही, याची मला खंत वाटते.

आता राहिला तो दुर्लक्षित भाग. डॅशबोर्डवरच्या खुणा जगभर बऱ्याच अंशी सारख्या आहेत. आयएसओ २५७५ या आंतरराष्ट्रीय मानकात त्या नोंदलेल्या आहेत, आणि संयुक्त राष्ट्रांच्या १२१ क्रमांकाच्या नियमात त्यांची ओळख आणि पट्टा लावून बसलेल्या चालकाच्या हाताची पोहोच यांचा विचार केलेला आहे. लाल दिवा म्हणजे थांबून बघा, पिवळा म्हणजे लवकर तपासा, हिरवा किंवा निळा म्हणजे काहीतरी चालू आहे एवढेच. एवढी चांगली चित्रलिपी तयार असताना ती वाचायला मात्र आपण कुणाला शिकवत नाही. निळा दिवा लागला असताना समोरच्याच्या डोळ्यांत प्रखर झोत जातो आहे, हे किती चालकांना माहीत असते? घसरत्या गाडीच्या खुणेचे ‘ऑफ’ लिहिलेले बटण दाबले की चाकांची घसरण रोखणारी यंत्रणा बंद होते. वाळूत किंवा चिखलात चाके नुसती फिरत राहिली तर त्याचा उपयोग होतो, ओल्या रस्त्यावर ते दाबलेले राहणे धोक्याचे, हे कुणी समजावून सांगते का? वेग आपोआप राखणाऱ्या क्रूझ कंट्रोलचे स्टिअरिंगवरचे ‘सेट’ बटण सध्याचा वेग धरून ठेवते आणि ‘रिझ्यूम’ आधी धरलेल्या वेगाकडे गाडीला परत नेते. मोकळ्या महामार्गावर धरलेला वेग विसरून वस्तीजवळ कुणी ते दाबले, तर गाडी आपणहून वेग घेऊ लागते.

उत्तर मिळते की माहितीपुस्तिका वाचा. ती वाचावीच, पण शेकडो पानांच्या पुस्तिकेत वायपर आणि रेडिओ एकाच वजनाने छापलेले असतात, आणि उसन्या किंवा भाड्याच्या गाडीत ती वाचायला कोण थांबतो? गाडी ताब्यात देताना दाखवल्या जाणाऱ्या गोष्टींचा माझा अनुभव असा की फोन जोडून देण्यात वीस मिनिटे जातात आणि काच साफ करण्यात एकही नाही. पाच मिनिटे पुरतील: गाडी उभी असताना दिवे, वायपर, पुढच्या काचेवरची हवा, धोक्याचे दिवे आणि हॉर्न ही पाच नियंत्रणे एकदा पाहून आणि मग डोळे मिटून शोधायची. मी आता कुठल्याही अनोळखी गाडीत हे करतो, आणि दोनदा-तीनदा हात चुकल्यावर तो बरोबर जायला लागतो, हे अनुभवाने सांगतो.

ब्रिटनच्या वाहन परीक्षेत डिसेंबर २०१७ पासून परीक्षक गाडी चालू असतानाच उमेदवाराला एक गोष्ट करून दाखवायला सांगतो: पुढच्या काचेवरचे धुके घालवा, मागची काच धुऊन पुसा, हेडलाइट लावा, हॉर्न वाजवा, असे काहीतरी. चुकले तर एकच किरकोळ चूक धरली जाते, ती मला फार कमी वाटते, पण प्रश्न विचारला जातो हेच मोलाचे आहे. हीच परीक्षा सगळीकडे असावी आणि ती गाड्यांनाही द्यावी लागावी. ज्या गाडीत पुढच्या काचेवर हवा सोडायला पडद्यावर तीन थर उघडावे लागतात, त्या गाडीतला उमेदवार परीक्षकाच्या आज्ञेचे पालन करताना नजर रस्त्यावरून काढणारच, आणि परीक्षक ते टिपून ठेवणारच. फक्त त्या कागदावर नाव उमेदवाराचे असेल.